बाईंबरोबर व्हिएन्नापर्यंत

चौकात सायकल थांबली की बाई डावा पाय खाली टेकवायच्या, बोट जिभेला लावून ओलं करायच्या, वर धरायच्या आणि विचारायच्या, "सांग, वारा कुणीकडून?"

पाम बीच रोडवर सकाळी साडेपाचला निम्मी नवी मुंबई चालायला आलेली असते. त्या सगळ्यांदेखत साठी उलटलेली बाई हेल्मेट घालून, बोट वर करून उभी. मला सुरुवातीला फार लाज वाटायची. "खाडीकडून," असं मी ठोकून द्यायचे.

"अंदाज नकोय मला. बोट वर कर."

मग मीही बोट वर करायचे.

बाई आमच्याच सोसायटीत, सीवूड्सला, चौथ्या मजल्यावर राहायच्या. मी सहाव्या. नेरुळच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता, त्यामुळे वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना 'बाई'च म्हणायचे. त्यांचं पूर्ण नाव मला पहिल्यांदा कळलं ते व्हिसाचा फॉर्म भरताना. घरात त्या आणि त्यांचे मिस्टर. त्यांना आम्ही काका म्हणायचो. मुलगा पुण्याला. एवढंच कुटुंब, असं आम्ही सगळे समजत होतो.

माझं ऑफिस महापेला. दहा-दहा तास खुर्चीत बसून पाठीचं लाकूड झालं होतं. डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं, आणि नवी कोरी सायकल लिफ्टमधून वर नेताना बाई भेटल्या. सायकलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सीट खाली आहे. गुडघे जातील. उद्या साडेपाचला खाली ये, वर करून देते."

विचारलं नाही, सांगितलं. तीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला विचारायची सवयच राहत नसावी. मी गेले. सीट वर झाली. त्यानंतरची दोन वर्षं, पावसाळ्याचे दिवस आणि आजारपणं सोडली तर, मी रोज साडेपाचला खाली होते.

तुम्हालाही अशी एखादी बाई माहीत असेल. जिच्यासोबत असलं की आपण थोडे जास्त शूर असतो. पारसिक टेकडीच्या चढावर पहिल्या दिवशी मी अर्ध्यात उतरले आणि रडकुंडीला येऊन म्हणाले, "बाई, मला नाही जमणार." त्या पुढे होत्या. वळल्याही नाहीत. नुसत्या ओरडल्या, "खालचा गिअर टाक आणि पुढच्या खांबापर्यंत ये!" पुढच्या खांबापर्यंत गेले. मग त्याच्या पुढच्या. वर पोचल्यावर त्यांनी डब्यातून गूळ-शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "नाही जमलं, असं आता कोणाला सांगू नकोस. मी साक्षीदार आहे."

युरोपचा विषय त्यांनीच काढला. जेट्टीजवळच्या टपरीवर चहा पीत होतो. नवीन उघडलेल्या दुकानाबद्दल विचारावं तसं त्या म्हणाल्या, "अगं, डॅन्यूबच्या काठानं सायकलचा रस्ता आहे, माहितीये? जर्मनीतल्या पासाउपासून थेट व्हिएन्नापर्यंत. तीनशेवर किलोमीटर. तंबू घेऊन जायचं, वाटेत ठोकायचा, झोपायचं, पुढे निघायचं."

"कोण जातं?"

"आपण."

मी हसले. मग रात्रभर तोच विचार केला. मी माझ्या मनाने जरा शोधाशोध केली आणि चार दिवसांनी म्हटलं, "बाई, हॉलंड बरं नाही का? सगळं सपाट आहे. आणि फुलंबिलं."

"तिथे समोरचा वारा मारतो. आधी नकाशा बघ. नदीबरोबर गेलं की उतार नदीच शोधून देते. डॅन्यूबच."

पटलं मला. बाईंचं सगळंच मला पटायचं.

काकांनी एकच अट घातली. मला घरी बोलावून, समोर बसवून म्हणाले, "ही एकटी म्हणाली असती तर पासपोर्ट कपाटातून बाहेर आला नसता. तू आहेस ना सोबत?"

"आहे ना काका. पूर्ण वेळ."

"रोज संध्याकाळी दोघींचा फोटो पाठवायचा. कुठे आहात ते लिहून."

"पाठवते."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातातला ओला कप पुसतच राहिल्या. मला वाटलं, आनंदानं भान नाहीये.

मग तयारी. सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकवायच्या मोठ्या पिशव्या आणल्या आणि वजनाची सवय व्हावी म्हणून त्यांत भूगोलाची जुनी पाठ्यपुस्तकं आणि आट्याची पाकिटं भरून आम्ही उरणपर्यंत जायला लागलो. करावे गावात आमचा पंक्चरवाला होता, तिथलाच आगरी म्हातारा. तो आम्हाला बघून म्हणाला, "बाय, ही सायकल हाय का टेंपो?" बाई म्हणाल्या, "टेंपोच. हवा भर."

तंबू ठोकायचा सराव रविवारी दुपारी सोसायटीच्या गच्चीवर. पहिल्यांदा पाऊण तास लागला आणि तंबू उभा राहिला तो एका बाजूला कलून. शेवटी आठ मिनिटांवर आलो. बाई घड्याळ लावायच्या. लिफ्टमध्ये सेक्रेटरींची नोटीस लागली: 'गच्चिवर तंबु उभारण्यास सक्त मनाई आहे.' बाईंनी पेनानं त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा तंबू उभारला.

तिकिटं मी काढली. तेव्हा बाईंनी एक हट्ट धरला, "माझं परतीचं तारीख बदलता येईल असं काढ हं." वय, तब्येत, मी समजले. आता लिहिताना हात थांबतो. तेव्हा थांबला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पासाउला पोचलो. भाड्याच्या सायकली घेतल्या, पिशव्या अडकवल्या. तंबूचं बाहेरचं कापड आणि काठ्या माझ्याकडे, आतला भाग आणि स्टोव्ह बाईंकडे. पहिले तीन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. डाव्या हाताला हिरवी, रुंद, घाई नसलेली नदी. उजवीकडे डोंगरउतारावर गवत कापायचं चाललेलं, त्याचा ओला, गोडसर वास मैलभर सोबत यायचा. लाल कौलांची गावं, कुंपणाबाहेर वाकलेल्या चेरीच्या फांद्या. दुपारी एखाद्या बाकावर मेतकूट-भात. बाजूनं जाणारी म्हातारी जर्मन जोडपी हात करायची आणि बाई त्यांना चक्क "नमस्कार, नमस्कार" म्हणायच्या. एका मुक्कामावर आठ मिनिटांत तंबू उभा केला तर शेजारच्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई लाजल्या. मी त्यांना लाजलेलं पहिल्यांदा पाहिलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांसाठी फोटो काढला. नदी मागे, आम्ही दोघी. मग बाई म्हणाल्या, "थांब, अजून एक." तंबूत जाऊन निळं विंडचीटर काढून पिवळं घालून आल्या. झाडाखाली, दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या. मला हसू आलं. "बाई, फॅशन शो काय?" त्या हसल्या नाहीत. "काढ गं," एवढंच म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी मी चहा करून तंबूपाशी आले, तर बाईंनी तंबूचा आतला भाग, भांडी, भाजणीचा डबा, सगळं माझ्या चटईवर मांडून ठेवलं होतं. नीट, ओळीत.

"हे तुझ्याकडे ठेव."

"का? जड होतंय?"

"मी इथून पलीकडे जाणारे."

जागा ऑस्ट्रियातल्या लिंझ शहराच्या बरीच अलीकडे होती. तिथे नदीवर पूल नाही. काठावर एक घंटा टांगलेली आहे, ती वाजवली की पलीकडून नावाडी छोटी होडी घेऊन येतो आणि माणसं, सायकली नेतो. पलीकडे एक गाव दिसत होतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही.

"चला की. दोघी जाऊ. काय आहे तिकडे?"

बाई चपलेचा पट्टा लावत खाली वाकल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "माझी मुलगी राहते."

"कोणाची?"

"माझी."

मी चहाचे दोन पेले हातात धरून उभी. भाजत होतं, पण खाली ठेवायचं सुचलं नाही. दोन वर्षं. रोज सकाळी शेजारी-शेजारी. मी त्यांना माझ्या गर्भपाताबद्दल सांगितलं होतं, जे मी सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याचं नि माझं मध्यंतरी किती बिनसलं होतं ते सांगितलं होतं. आणि या बाईला एक मुलगी आहे, हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी थोडक्यात सांगितलं. शिकायला आलेली, इथल्याच एका मुलाशी लग्न केलं. काकांनी तिला पत्र लिहिलं, की आजपासून तू आम्हाला नाहीस. अकरा वर्षं झाली. घरात नाव काढायचं नाही. सोसायटीत आम्ही राहायला येण्याच्या आधीच सगळं पुसून झालेलं.

"त्या पत्राखाली माझीही सही आहे," बाई म्हणाल्या. "त्यांनी पेन पुढे केलं. मी केली."

"तिला माहितीये तुम्ही येताय?"

"नाही. जुन्या विद्यार्थिनीकडून पत्ता मिळाला. कळवलं असतं आणि नको म्हणाली असती तर?"

मग मला हळूहळू एकेक गोष्ट दिसायला लागली. डॅन्यूबच का. तारीख बदलता येणारं तिकीट का. त्यांच्या घरच्या भिंतीवरचा नकाशा, ज्याच्यासमोर उभं राहून आम्ही मुक्काम ठरवले. त्यावर या गावापाशी पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. मी तो शंभरदा पाहिला असेल. मला वाटलं छपाईचा आहे.

"म्हणजे सायकल नव्हतीच बाई," मी म्हटलं. "काकांच्या कपाटातून पासपोर्ट काढायला तुम्हाला कोणीतरी बाई सोबत हवी होती. लिफ्टमध्ये मी सापडले."

"सायकल होती गं. ती खोटी नव्हती."

"मग काय खोटं होतं?"

त्या दुसऱ्या चपलेचा पट्टा ओढून लावायला लागल्या.

"काकांना काय सांगू मी?"

"मी करते फोन. उद्या. आजचा दिवस फक्त मला दे." आणि मग, माझ्याकडे न बघता, "काल तो दुसरा फोटो काढलाय ना, पिवळ्या विंडचीटरमधला. तो आज संध्याकाळी पाठव."

तुम्हाला सांगते, मुलगी लपवली याचं मला तेवढं लागलं नाही. ज्याचं दुःख त्यानं कोणाला सांगायचं ते तो ठरवेल. पण काल संध्याकाळी झाडाखाली उभ्या राहून, माझ्या विनोदावर न हसता, त्यांनी माझ्याच हातून माझं खोटं तयार करून घेतलं होतं. ते मात्र लागलं.

"मी येऊ का पलीकडे?" तरीही मी विचारलं. "तिनं दार उघडलं नाही तर?"

"नको. एकटीच जाते."

घंटा वाजवली. होडी आली. नावाड्यानं सायकल उचलून घेतली. बाईंनी माझ्या गालाला हात लावायला हात पुढे केला, मी मान वळवली. होडी निघाली तेव्हा त्या ताठ उभ्या होत्या, सायकल धरून, पलीकडे बघत.

पलीकडे उतरल्या, सायकलवर बसल्या, चढाच्या रस्त्यानं गावात गेल्या आणि घरांमागे दिसेनाशा झाल्या.

मी निघायला हवं होतं. सगळं बांधून झालं होतं. पण मी त्या काठावर बसून राहिले. दार उघडलं नाही तर ही बाई या एवढ्या परक्या देशात परत घंटेपाशी येणार, आणि अलीकडे कोणी नसणार, हे मला बघवेना. होडी चार-पाच वेळा आली-गेली. दर वेळी मी उठून उभी राहिले. दुसरीच माणसं. दोन वाजेपर्यंत थांबले, मग निघाले. हे मी बाईंना कधीच सांगितलं नाही.

आणि हो, संध्याकाळी मी तो फोटो पाठवला. नंतर पुष्कळांनी विचारलं, का पाठवलास? मलाही नीट सांगता येत नाही. दोन वर्षं बाई म्हणतील ते करायची सवय लागली होती, हे एक. दुसरं म्हणजे, दार उघडलं असेल तर निदान आजची संध्याकाळ त्यांना मिळू दे, असं वाटलं. राग होता, तरी वाटलं.

बाईंनी दुसऱ्या दिवशी काकांना फोन केला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, आणि पाठवायला माझ्याकडे आता फोटोही नव्हता. मला मात्र एक मेसेज आला, दोनच शब्दांचा: 'घेतलं आत.' मी उत्तर दिलं नाही. त्या संध्याकाळी काकांचा फोन आला तेव्हा मी पावसात एकटीच तंबूशी झटापट करत होते.

"हिला दे जरा."

"काका, बाई इथे नाहीत. त्या मुलीकडे गेल्यात."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "कुठल्या मुलीकडे? आम्हाला मुलगी नाही."

"काका–"

"परवा फोटो पाठवलास तू. पूर्ण वेळ सोबत आहे म्हणालीस. माझ्या घरात बसून म्हणालीस." आणि फोन बंद.

तंबूचं कापड वाऱ्यानं उडून माझ्या तोंडावर आपटत होतं. आठ मिनिटांचा तंबू त्या दिवशी मला एकटीला तासभर पुरला. मी चिखलात बसून मोठ्यानं रडले. तिथे कोणाला मराठी शिव्या कळत नव्हत्या, त्याही दिल्या. सगळ्या बाईंना.

परत फिरले नाही. व्हिएन्नापर्यंत गेले. सहा दिवस एकटी. काय काय सुंदर होतं ते मी सांगू शकते – द्राक्षांचे मळे, टेकड्यांवरचे किल्ले, एका खेड्यात एका आजीनं ओंजळभर दिलेल्या चेरी – पण कोणी 'कशी झाली ट्रिप?' विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी ते चटईवर ओळीनं मांडलेलं सामान येतं. व्हिएन्नाच्या पुलावर पोचल्यावर मी फोटो काढला. मग कोणाला पाठवावा ते कळेना. तो फोनमध्येच राहिला.

सीवूड्सला आल्यावर कळलं की सोसायटीत गोष्ट माझ्या आधी पोचली होती, आणि त्या गोष्टीत कटाची सूत्रधार मी होते. काका लिफ्टमध्ये असले आणि मी आत शिरले की ते पुढच्या मजल्यावर उतरायचे. गुडघे दुखत असतानाही उतरायचे. सेक्रेटरींच्या मिसेस म्हणाल्या, "तुम्ही तरी त्या माणसाला सांगायचं होतं हो. वयाचा विचार करायचा." मी सगळ्यांना सांगत सुटले, मला माहीत नव्हतं, खरंच माहीत नव्हतं. लोक मान हलवायचे. एकदा जेवताना माझा नवराच म्हणाला, "आता मला तरी खरं सांग. दोन वर्षं रोज बरोबर होतात. तुला काहीच माहीत नव्हतं?" मी ताटावरून उठले.

तीन महिन्यांनी, व्हिसा संपता संपता, बाई भारतात आल्या. चौथ्या मजल्यावर मात्र आल्या नाहीत. त्या डोंबिवलीला बहिणीकडे राहायला गेल्या, असं कानावर आलं. काकांनी त्यांना घरी घेतलं नाही की त्याच आल्या नाहीत, हे मला आजही माहीत नाही. भाऊबीज झाली त्या आठवड्यात, एका दुपारी दाराची बेल वाजली.

बाई उभ्या होत्या. वाळल्या होत्या. हातात कापडी पिशवी, त्यात चार-पाच पुस्तकं. स्वतःच्या घरातून काढून आणलेली असावीत.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं. मला विचारलं, हे माझ्या लक्षात आलं.

मी बाजूला झाले नाही.

त्या दारातच बोलल्या. नात सात वर्षांची आहे. तिला सायकल येत नव्हती, शिकवली. मुलगी पहिले चार दिवस एक शब्द बोलली नाही, फक्त जेवायला वाढायची. पाचव्या दिवशी भांडली. "तेव्हा मला बरं वाटलं," बाई म्हणाल्या.

मी ऐकत होते. खरं सांगायचं तर मला ऐकायचं होतं. आणि ऐकायचं आहे याचाच राग येत होता.

"तुला सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर तू आली नसतीस. काकांसमोर बसून तुला खोटं बोलता आलं नसतं. मी ओळखते तुला."

"कदाचित नसते आले," मी म्हणाले. मी महिनोन्‌महिने मनात म्हणत होते की आले असते, नक्की आले असते. पण त्या समोर उभ्या राहिल्यावर खोटं बोलवेना. "कदाचित नाही म्हणाले असते. पण ते 'नाही' माझं होतं, बाई. मला म्हणू तरी द्यायचं होतं."

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. वर्गात एखाद्या मुलीचं उत्तर बरोबर आलं की शिक्षक जसे क्षणभर थांबतात, तशा थांबल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "ते मी घेतलं तुझ्याकडून."

माफ कर म्हणाल्या नाहीत. मला वाटलं होतं म्हणतील, आणि म्हणाल्या असत्या तर काय करायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. लिफ्ट त्या दिवशी बंद होती. पिशवी खांद्याला अडकवून त्या कठडा धरून जिना उतरायला लागल्या. पाचवा मजला. मग चौथा. चौथ्यावर त्यांची पावलं थांबली. स्वतःच्याच बंद दारासमोर त्या किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे. मला वरून खूप वेळ वाटला. मी उंबऱ्यात होते, एक हात दारावर ठेवून. हाक मारायला तोंड उघडलं होतं.

मग पावलं पुन्हा सुरू झाली, खाली, आणखी खाली, आणि ऐकू येईनाशी झाली.